यो गेला

सासूबाईंच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन वर्षही झालं नव्हतं, आणि त्या रात्री पावणेअकराला त्यांनी जाहीर केलं, "आला परत. डावीकडेच आला."

टीव्हीवर एक गुंड कुणाच्या तरी गळ्याला काहीतरी लावून उभा होता. गुंड स्वच्छ दिसत होता, गळा स्वच्छ दिसत होता, मागच्या भिंतीवरचं कॅलेंडरसुद्धा दिसत होतं. फक्त गुंडाच्या मुठीत चाकूच्या जागी साय धरल्यासारखं काहीतरी पांढुरकं हलत होतं. मी डॉक्टरांची वेळ घ्यायला मोबाइल उचलला होता. तेवढ्यात लेकीने खुलासा केला, की कोरियात टीव्हीवर माणसावर रोखलेला चाकू असा धूसर करून दाखवतात. ओठातली सिगारेटही करतात.

"म्हणजे खून दाखवायचा, पण सुरी नाही दाखवायची?" सासूबाई म्हणाल्या. मग मेलेला माणूस खाली पडेपर्यंत विचार करून, "बरोबर आहे त्यांचं. घरात पोरं बघत असतात."

हे सगळं गुडघ्यापासून सुरू झालं. गेल्या वर्षी सासूबाईंचा उजवा गुडघा बदलला तेव्हा त्या सांगलीहून ठाण्याला आमच्याकडे आल्या, दीड महिन्यासाठी म्हणून. दिवसभर एका जागी बसायचं म्हणजे टीव्ही आलाच. पहिले चार दिवस त्यांनी आपल्या मालिका पाहिल्या. पाचव्या दिवशी म्हणाल्या, "मी आले त्या दिवसापासून ही पोरगी जिना उतरतेय." मालिकांच्या बाबतीत त्यांच्यापुढे कुणी बोलू नये. 'चार दिवस सासूचे' त्यांनी पहिल्या भागापासून शेवटच्यापर्यंत पाहिलेली आहे, २००१ ते २०१३, तीन हजारांहून जास्त भाग. त्या काळात आमच्या घरात माझं लग्न झालं, लेकीचं बारसं झालं, सांगलीच्या वाड्याची वाटणी झाली, आणि सासूचे चार दिवस चालूच होते.

लेक म्हणाली, "अगं आजी, तुला सोळा भागांत संपणारी मालिका दाखवू?"

"सोळा भागांत काय संपतं?"

"सगळं. प्रेम, भांडण, आजारपण, लग्न. आठवड्याला दोन भाग, दोन महिन्यांत खेळ खलास. तिकडे सोमवार-मंगळवारची वेगळी असते, बुध-गुरूची वेगळी."

"सोमवारची? सोळा?" सासूबाई सावरून बसल्या. "मग हे सोळा सोमवारच झाले की."

तेव्हापासून आमच्याकडे शेवटच्या भागाला उद्यापन म्हणतात. शिरा होतो. दीड महिन्याचं वर्ष झालं, गुडघा केव्हाच चालायला लागला, पण सांगलीचं तिकीट काढायचा विषय निघाला, की एखादी मालिका अकराव्या भागावर असते आणि व्रत अर्धवट टाकता येत नाही.

आता आमच्या दोघींच्या बघण्यातला फरक सांगते. मी शिकलेली, म्हणून इंग्रजी उपशीर्षकं वाचत बघते. डोळे सारखे पडद्याच्या तळाशी. त्यामुळे बऱ्याच कोरियन नटांची मला फक्त कॉलर ओळखता येते. नायक रडला तर ते मला कंसात लिहून आलेलं कळतं. सासूबाई इंग्रजी वाचत नाहीत. हिंदी डबिंग त्यांनी दहा मिनिटांत नापास केलं, "ओठ मिटल्यावर आवाज येतो. कीर्तनात टाळकरी मागे राहिल्यासारखं वाटतं." म्हणून त्या मूळ कोरियन ऐकतात आणि संवाद स्वतः पुरवतात.

नायकाची आई कॉफीच्या दुकानात येते, काळा चष्मा, मांडीवर पर्स, समोर गरीब नायिका. "हिच्या पर्समध्ये पाकीट आहे," सासूबाई म्हणतात. पाकीट निघतं. "'हे घे आणि माझ्या मुलाचा नाद सोड.'" मी खाली वाचते, शब्दशः तेच. नायिका पाकीट परत सरकवते. "आता पाणी फेकेल." समोरचा ग्लास तोंडावर. "टॉवेल कोण देईल? तो दुसरा. ज्याच्याशी हिचं लग्न होणार नाही तो." दार उघडतं, दुसरा येतो, रुमाल देतो. पटकथालेखकाला पगार कशाचा मिळतो असा प्रश्न मला पडतो.

पण हे काहीच नाही. खरी गंमत तिसऱ्या महिन्यात झाली.

ऑफिसमधली गोष्ट होती, साहेब आणि हाताखालची मुलगी. आठ भाग दोघं एकमेकांकडे बघत होते. नवव्यात रात्रीची वेळ, रस्त्यावरच्या दिव्याखाली दोघं उभे, तो काहीतरी तीन शब्दांचं बोलला. मी वाचलं, तळाशी होतं, 'तू घरी जा.' यात काय विशेष, आठ भाग तो हेच सांगत होता. सासूबाईंनी मात्र हातातली पालेभाजी ताटात टाकली. "यो गेला!"

"कोण गेला?"

"यो गं. इतके दिवस तो तिच्याशी बोलताना शेवटी 'यो' म्हणायचा. आज म्हणाला नाही. अरे-तुरेवर आला. आता लग्न होतंय बघ."

लेकीने पुस्तक बाजूला ठेवलं. ती वर्षभर कोरियन शिकतेय, त्यासाठी पैसे भरतेय. "आजी, तुला हे कुणी सांगितलं?" कुणी सांगायला कशाला हवं! कोरियन वाक्याच्या शेवटी 'यो' लागला की तो आपला अहो-जाहो. 'यो' काढला की अगं-तुगं. आणि त्याच्याही वर एक पायरी आहे, कचेरीत, बातम्यांत, सैन्यात, जिथे वाक्यं '-म्निदा'वर जाऊन थांबतात. सासूबाईंनी तेही आधीच धरलं होतं. "निदा म्हणजे आपण, यो म्हणजे तुम्ही, आणि काही नाही म्हणजे तू." व्याकरणाच्या पुस्तकात यापेक्षा बारकावे बरेच आहेत, लेक सांगते. पण एवढ्यावर मालिका आरपार समजते.

इंग्रजीत या सगळ्याला एकच शब्द आहे, तो साहेबाला, शिपायाला, देवाला आणि कुत्र्याला सारखाच चालतो. म्हणून बिचारा उपशीर्षकवाला अडतो. दोघं चांगले सहा भाग गप्पा मारून झाल्यावर नायिका म्हणते, 'आपण आता मोकळेपणाने बोलू या का?' इंग्रज वाचक म्हणत असेल, मग इतका वेळ काय करत होता? मराठी माणसाला हा प्रसंग सांगावा लागत नाही. कॉलेजात पहिल्यांदा 'तुम्ही'चं 'तू' झालं ती जागा, तो कँटीनचा बाक आणि पुढे काय झालं ते प्रत्येकाला पाठ असतं. आपल्याकडे तर लग्न ठरल्यावर उलटा प्रवासही करणाऱ्या बायका आहेत. चार वर्षं 'ए' म्हणत फिरायचं आणि अक्षता पडल्या की 'अहो'.

या न्यायाने वू यंग-वू ही वकील सासूबाईंची लाडकी. २०२२ची 'एक्स्ट्राऑर्डिनरी अटॉर्नी वू', सोळा भाग, नियमात बसणारी. नायिका स्वमग्न आहे, कायदे तोंडपाठ, देवमाशांचं वेड, वडील किंबापचं दुकान चालवतात. ती जवळजवळ सगळ्यांशी 'निदा'तच बोलते. "चांगल्या घरातली आहे," सासूबाई म्हणाल्या. आपलं नाव सुलट वाचा की उलट वाचा, तेच, असं ती प्रत्येकाला सांगत सुटते. सासूबाईंनी पहिल्याच वेळी टीव्हीला उत्तर दिलं, "चिमा काय कामाची. रामाला भाला मारा. आम्हालापण येतं."

'यो'च्या पाठोपाठ वयाचा प्रश्न येतोच. कुणाला कसं हाक मारायची हे ठरवायला आधी कोण मोठा ते कळायला हवं. म्हणून कोरियन माणसं ओळख झाल्याबरोबर जन्मसाल विचारतात, आणि त्यात कुणाला राग येत नाही. त्यांचा वयाचा हिशोबही वेगळा होता. जन्मल्याबरोबर एक वर्ष, मग दर १ जानेवारीला सगळ्या देशाला एकदम एक-एक. ३१ डिसेंबरला जन्मलेलं बाळ दुसऱ्या दिवशी दोन वर्षांचं. जून २०२३पासून सरकारी कामकाजात हे बंद करून जगासारखं वय धरायला लागले, म्हणजे एका रात्रीत सगळे वर्षा-दोन वर्षांनी लहान झाले. सासूबाईंना यात नवल वाटलं नाही. त्यांच्या पिढीत अर्धा महाराष्ट्र १ जूनला जन्मलेला आहे, शाळेत नाव घालताना मास्तरांनी जन्माला घातलेला.

'ओप्पा'वर मात्र मोठा खटला चालला. मुलीने मोठ्या भावाला मारायची ही हाक, आणि तीच प्रियकरालाही. सप्टेंबर २०२१मध्ये ऑक्सफर्डच्या शब्दकोशाने एका दमात २६ कोरियन शब्द घेतले, त्यात हाही गेला. ऑक्सफर्डला चालला, आमच्या घरात अडला. "दादा म्हणायचं आणि त्याच्याशीच लग्न?" लेकीने हळूच विचारलं, की तुझ्या माहेरी मामाच्या मुलीशी लग्नं होत होती ना? सासूबाईंनी शेंगा सोलायला घेतल्या. तो खटला अजून तहकूब आहे. 'अप्पा' म्हणजे वडील, हे मात्र त्यांना शिकवावंच लागलं नाही. त्यांच्या वडिलांना सगळं गाव अप्पाच म्हणायचं. पहिल्यांदा पडद्यावरची पोरगी 'अप्पा!' म्हणून धावली तेव्हा त्या इतक्या सहज गहिवरल्या, की मी रिमोट घेऊन ध्वनिभाषा मराठी झाली की काय ते तपासलं.

मालिका बऱ्याच झाल्या. पण घरात जिच्यावरून अजून वाद होतात ती 'रिप्लाय १९८८'. २०१५-१६ची, वीस भागांची, त्यातले बरेचसे दीड-दीड तासाचे, म्हणजे व्रताच्या हिशोबात न बसणारी. तिला सासूबाईंनी अधिक मासाची सवलत दिली. सोलमधल्या सांगमुन-दोंग भागातली एक गल्ली, पाच घरं, पाच पोरं, ऑलिंपिकचं वर्ष. गोष्ट अशी काही नाहीच. पोरं एका खोलीत पडलेली असतात, आया गल्लीतल्या फळीवर बसून भाजी निवडतात, संध्याकाळ झाली की एकेक आई दारात येऊन जेवायला हाक मारते.

पहिल्याच भागात एक प्रसंग आहे. एका घरातून शेजारी भांडं जातं. तिथली आई ते रिकामं परत कसं देणार, म्हणून त्यात आपल्याकडचं काहीतरी घालून देते. ते पुढच्या घरी. पोरं नुसती वाडगी घेऊन गल्लीत येरझाऱ्या घालतायत, वाटेत एकमेकांना आडवी येतायत, कंटाळलीयत, आणि शेवटी प्रत्येक घरच्या ताटात पाचही घरांचं जेवण. मी खाली बघितलं तर वाचायला काही फारसं नव्हतंच. सासूबाई पडद्याकडे बघत होत्या आणि त्यांचे ओठ हलत होते. नंतर म्हणाल्या, "आमच्या वाड्यात कुलकर्ण्यांची वाटी अजून माझ्याकडे आहे. ते गेले पुण्याला." वाटीच्या बुडाला नाव कोरलेलं असायचं, ते याचसाठी. आमच्या सोसायटीत आता डबे जातात तेही आइस्क्रीमचे, परत आले नाहीत तरी चालतील असे.

नायिका दॉक-सन तीन भावंडांतली मधली. मोठीचा आणि हिचा वाढदिवस तीन दिवसांच्या अंतराने, म्हणून केक एकच, मोठीच्या नावाचा. तिला ऑलिंपिकमध्ये मादागास्करच्या पथकापुढे पाटी धरायची असते, किती दिवस तालीम करते, आणि मादागास्करवाले ऐनवेळी यायचं रद्द करतात. वडील बँकेत नोकरीला, पगार बरा, तरी घर अर्ध्या तळघरात, कारण मित्राला जामीन राहिले आणि मित्र पळाला. इथे आमचे हे पेपरामागून बोलले, "जामीन कधी राहू नये." यांच्या घरात गेली पन्नास वर्षं हे वाक्य दर पिढीने पुढच्या पिढीला दिलेलं आहे, कुणासाठी कोण जामीन राहिलं होतं ते मात्र मला अजून कुणी सांगितलेलं नाही. पेपर खाली आला तो वीस भाग वर गेला नाही.

दॉक-सनचा नवरा बाकीच्या चौघांतला कोण, हे शेवटपर्यंत लपवून ठेवलंय, आणि कोरियात तेव्हा त्यावरून घराघरांत तट पडले. आमच्याकडेही पडले. पण सासूबाईंना त्या प्रश्नात रस नव्हता. त्यांचं लक्ष दुसऱ्या जोडीवर होतं. दॉक-सनची मोठी बहीण बो-रा आणि समोरच्या घरातला सॉन-ऊ. दोघांचं आडनाव सॉंग. आडनाव एक, मूळ गावही एक. घरच्यांचा विरोध. मी वाचत होते, 'तुमचं लग्न होऊ शकत नाही, तुम्ही एकाच कुळातले आहात.' मी लेकीला विचारणार होते, ही काय भानगड.

"सगोत्र," सासूबाई म्हणाल्या.

आणि ते खरंच सगोत्र होतं. एकच आडनाव आणि एकच मूळस्थान असलेल्या स्त्री-पुरुषांना लग्न करायला कोरियाच्या कायद्याने बंदी होती. घटना न्यायालयाने ती १९९७मध्ये मोडीत काढली आणि पुस्तकातून ती गेली २००५मध्ये. किम, ली आणि पार्क या तीन आडनावांतच निम्म्याच्या आसपास देश मावतो. तिथे हा कायदा काय गोंधळ घालत असेल! मराठी वाचकाने 'जोशी' आणि 'पाटील' एवढंच मनात आणावं. सॉन-ऊ आणि बो-राचं लग्न शेवटी झालं. सासूबाईंनी ते मान्य केलं, "मुलगा गुणी आहे" एवढ्याच आधारावर, धर्मसिंधू न काढता.

आमच्या ह्यांचं बघणं निराळं. ते सोसायटीचे खजिनदार आहेत. कोरियन मालिकेतली गरीब नायिका नेहमी गच्चीवरच्या एका खोलीत राहते. खोलीपुढे लाकडी बाजलं, दोन कुंड्या, दोरीवर कपडे, आणि समोर रात्रीचं अख्खं सोल शहर लुकलुकतंय. एवढा देखावा आपल्याकडे घ्यायचा तर तीन पिढ्यांचं कर्ज. हे म्हणाले, "गच्चीवर बांधकाम. ऑडिटरला काय दाखवत असतील?" मग भाड्याची चौकशी. तिकडे जॉन्से नावाचा प्रकार आहे. घरमालकाला एकदम मोठी रक्कम द्यायची, अगदी घराच्या किमतीच्या निम्म्याहूनही जास्त असू शकते, दर महिन्याला भाडं नाही, आणि साधारण दोन वर्षांनी रक्कम जशीच्या तशी परत. लेकीने हे फार अपूर्वाईने सांगितलं. "म्हणजे हेवी डिपॉझिट," हे म्हणाले आणि पेपराकडे वळले. ठाण्यात कुठल्याही दलालाच्या काचेवर चिकटवलेलं असतं.

ही झाली जमेची बाजू. आता माझ्या तक्रारी. नायक श्रीमंत घराण्याचा वारस असलाच पाहिजे, हा हट्ट मला समजत नाही. इतके वारस उत्पादन कधी करतात? मनगट धरून बाईला ओढत नेणं हे प्रेम नव्हे. २००९च्या 'बॉईज ओव्हर फ्लॉवर्स'मधला तो कुरळ्या केसांचा श्रीमंत दांडगोबा नायिकेला शाळेत इतका छळतो, की मला त्याची टीसी काढावीशी वाटली. (ती गोष्ट मुळात योको कामिओ यांच्या जपानी चित्रकथेची. तैवानने २००१मध्ये केली, मग जपानने, मग कोरियाने, मग चीनने. एकाच वराला चार गावांनी मिरवलं.) अलीकडच्या नायकांना थोडी अक्कल आलीय, विचारून हात धरतात. तेरावा-चौदावा भाग हा एक शाप आहे. तिथे नायकाला अचानक साक्षात्कार होतो, की आपण दूर गेलो तरच हिचं भलं होईल. ट्रक येतो. स्मृती जाते. सगळं काही सोळा भागांत बसवायचं, तरी दोन भाग रडण्यासाठी राखीव.

त्यात जाहिरात. वस्तू गोष्टीतच घुसवायला कोरियात २०१०पासून रीतसर परवानगी मिळाली, तेव्हापासून नायक प्रेमभंग झाला तरी सँडविचच्याच दुकानात जाऊन बसतो. 'डिसेंडन्ट्स ऑफ द सन'मधला सैनिक जिन्सेंगच्या रसाची पुडी तोंडाने फाडून पितो. सासूबाईंना ते च्यवनप्राश वाटलं आणि त्यांना त्यात काहीच खटकलं नाही. ड्यूटीवरच्या माणसाने घ्यावं.

आणि तो तीळ. २००८-०९मध्ये 'टेम्प्टेशन ऑफ वाइफ' नावाची एक मालिका होती, १२९ भाग. नवरा बायकोला समुद्रात मरायला सोडतो. ती वाचते आणि सूड घ्यायला परत येते, वेषांतर करून. वेषांतर म्हणजे डोळ्याखाली एक काळा तीळ. बस्स. नवरा ओळखत नाही. उलट तिच्या प्रेमात पडतो. अशा भडक मालिकांना तिकडे 'माकजांग' म्हणतात, आणि या तिळावरून कोरियात आजही विनोद होतात. मला वाटलं सासूबाई हसतील. त्या गंभीर झाल्या. "खोटं काय त्यात? मी परवा केस कापून आले, कुणाच्या लक्षात आलं?" यांनी पेपर तोंडासमोर धरला.

चिनी मालिकांचा आम्ही एकदाच प्रयोग केला, 'इटर्नल लव्ह', ५८ भाग. पीच फुलांचा पाऊस, ढगांतले महाल, सगळे देव. नायिका एक लाख चाळीस हजार वर्षांची, नायक पन्नास हजारांचा. "नवरी नव्वद हजार वर्षांनी मोठी?" सासूबाईंनी विचारलं. "पत्रिका कुणी जुळवली?" पंचविसाव्या भागाला त्यांनी तलवारी-ढगांना नमस्कार केला. जपानी 'मिडनाइट डायनर' मात्र त्या अधूनमधून मागून घेतात. टोकियोच्या शिंजुकूतली खानावळ, रात्री बाराला उघडते, भिंतीवर मोजून एक पदार्थ लिहिलेला. पण सामान असेल तर मालक सांगाल ते करून देतो. गिऱ्हाईक येतं, आपला पदार्थ मागतं, खाता खाता आयुष्य सांगतं, मालक काही बोलत नाही. "असा पुरुष हवा," एवढंच त्यांचं परीक्षण. डोळ्यावरचा तो व्रण त्यांना दिसलेला नाही किंवा चालतो.

आपल्याकडे हे वेड परवा आलं असं आम्ही ठाण्यात समजतो. मणिपुरात हे फार आधी झालंय. तिथे २०००मध्ये बंडखोरांनी हिंदी सिनेमा आणि वाहिन्यांवर बंदी घातली, आणि त्या रिकाम्या जागेत कोरियाची अरिरांग वाहिनी आणि सीड्या आल्या. आणि खुद्द आपल्या दूरदर्शनने 'जुएल इन द पॅलेस' हिंदीतून दाखवली होती, 'घर का चिराग' या नावाने. राजवाड्याच्या मुदपाकखान्यातली मुलगी पुढे राजाची वैद्य होते. लहान असताना ती एक घास चाखून सांगते, की यातली गोडी साखरेची नाही, पर्सिमन फळाची आहे. ते बघून सासूबाई त्या दिवशी माझी आमटी पुन्हा एकदा चाखून म्हणाल्या, "गूळ बदललास." बदलला होता.

गेल्या भाद्रपदात एक गंमत झाली. मालिकेत कोरियन घरात चुसॉक होता. त्यांच्या आठव्या चांद्र महिन्याची पौर्णिमा, आपली बहुतेक वर्षी भाद्रपदातलीच येते. सुना पहाटेपासून तळतायत, कुणी कुणाशी बोलत नाही. मग पूर्वजांपुढे पान मांडलं, भात, सूप, फळं, दारूचा पेला, सगळे वाकून नमस्कार करतायत. मी खाली वाचत होते, 'पूर्वजांचा विधी'. सासूबाई म्हणाल्या, "कावळ्याचं पान कुठाय?" मग तव्यापुढच्या थोरल्या सुनेकडे बघत, "हिचं कुणी बघत नाही. सकाळपासून हिने पाणीसुद्धा घेतलं नाही." मी आणि लेकीने एकमेकींकडे पाहिलं. ती सून पडद्यावर होती तितकीच आमच्या स्वयंपाकघरातही होती, वीस वर्षांपूर्वी नव्हे, परवाच, आणि वडे मी तळले होते. सासूबाई पुढे काही बोलल्या नाहीत. मात्र त्या रात्रीची भांडी त्यांनी, गुडघ्यासकट, ओट्यापाशी उभं राहून विसळली.

काल उद्यापन झालं. 'क्रॅश लँडिंग ऑन यू' दुसऱ्यांदा संपवली. पॅराग्लायडिंग करता करता वादळात सापडून उत्तर कोरियात झाडावर जाऊन पडलेली बाई आणि तिला झेलणारा कॅप्टन. त्यातली ती रेल्वे सासूबाईंना फार आवडते. वीज जाते, गाडी भर माळावर रात्रभर थांबते, आणि कुठूनशी माणसं खायला आणि पांघरुणं विकायला येतात. "ही आपली मिरज पॅसेंजर." नायक-नायिकेने २०२२मध्ये खरोखरच लग्न केलं, हे लेकीने सांगितल्यावर त्यांनी शिऱ्यात आणखी तूप सोडायला लावलं होतं.

लेक झोपायला गेली. "अगं आजी, गुड नाइट," म्हणत गेली. मी ताटल्या उचलत म्हटलं, "अहो आई, अर्धा कप चहा ठेवू? घेणार का तुम्ही?"

सासूबाई टीव्हीकडेच बघत होत्या. तो केव्हाच बंद झाला होता. "बावीस वर्षं झाली तुला या घरात येऊन," त्या म्हणाल्या. "अजून यो लावतेस."

मला काय बोलावं कळेना. "मग काय म्हणू?"

"ती म्हणते तसं म्हण. ती काय परकी आहे?"

मी ताटल्या खाली ठेवल्या. पदर नव्हताच, तरी ओढणी सारखी केली. घसा साफ केला. "अगं आई," म्हटलं. इथपर्यंत बरं गेलं. "चहा घेतेस ना…" आणि तोंडातून निसटलंच, "…हो?"

सासूबाई हसल्या. "राहू दे. सोळाव्या भागात बघू."